भेटीच्या दिवशी स्वच्छ आढळलेल्या कलावर्गाबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
वस्ती बाल कलावर्ग योजना,
शाहूपुरी, कोल्हापूर.

अर्जदार: हाफिजा दिलदार शिकलगार, वय ५६, कलावर्ग शिक्षिका, समाजमंदिर, पत्र्याची चाळ, कागल पंचतारांकित एमआयडीसीलगत.

विषय: आपल्या भेटीत कलावर्ग न आढळल्याने तो बंद झाला असून, एकदा न कळवता पुन्हा भेट देणेबाबत.

संदर्भ: १) आपली भेट, दि. ६ जानेवारी २०२६. २) वर्ग बंद करून किल्ली जमा करण्याबाबत आपले पत्र, दि. १३ जानेवारी. ३) भिंत खरवडल्याबद्दल खुलासा मागणारे आपले पत्र, दि. २२ जानेवारी.

महोदय,

हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन मी टायपिंगवाल्याकडून लिहून घेतले होते. ते फार शहाणे अर्ज होते आणि त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. हा हाताने लिहिते आहे. शब्द कमीजास्त झाला तर माणूस टेकीला आले आहे एवढे समजून घ्यावे.

१. माझे पती दिलदार पेंटर शाहूपुरीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवत. मी त्यांच्या हाताखाली शिकले. ते गेल्यावर त्यांचे ब्रश घरात पडून राहू नयेत म्हणून चार वर्षांपूर्वी आपल्या योजनेत नाव दिले आणि दर शनिवारी दुपारी चाळीतल्या तेवीस मुलांचा चित्रकलेचा वर्ग सुरू केला. या मुलांचे आईवडील फौंड्रीत आणि पॅकिंगला जातात. योजनेतून कागद येणार होता, तो आला नाही. त्याबद्दल माझी आता तक्रार नाही. आम्ही भिंतीवर काढायला लागलो. प्रत्येक पोराला भिंतीचा हातभर तुकडा दिला. कोळसा, गेरू, हळद, खडू, जे मिळेल ते. ज्याचा तुकडा त्याचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, एवढा एकच नियम होता.

२. डिसेंबरअखेर आपल्या कार्यालयाचा फोन आला की साहेब प्रत्यक्ष पाहणीला येणार. येथून पुढे जे घडले त्यात आपला दोष नाही. दोष माझा आहे आणि तो मी लेखी कबूल करत आहे. साहेब येणार म्हटल्यावर आमचे सगळ्यांचे डोकेच फिरले. समाजमंदिर झाडणाऱ्या धोंडुबाई म्हणाल्या, "पावणं येणार आणि भित्ती अशा? लाज न्हाय व्हय आपल्याला?" मलाही ते पटले. चार वर्षे जी भिंत मला चांगली दिसत होती, ती त्या दिवशी एकदम घाण दिसायला लागली. मी तेवीस पोरांना उभे करून सांगितले, ही सगळी घाण निघाली पाहिजे. हेच शब्द, साहेब. चुना कालवला आणि पोरांच्याच हातात कुंचले दिले.

३. खिडकीखालचा तुकडा कु. आफशीन, वय ११, हिचा होता. तिचे वडील फौंड्रीत लोखंड ओततात. तिने फौंड्री आतून पाहिलेली नाही. वडील जेवताना सांगतात तेवढ्यावर तिने वितळलेल्या लोखंडाचा तो रस काढला होता, गेरू आणि हळदीने, आणि बाजूला वडील उभे. वर्षभर काढत होती. मी आयुष्यभर रंगात राहिले, पण आग मला कधी तशी जमली नाही. चुन्याचा पहिला हात दिल्यावर खालून तांबडे दिसत राहिले, म्हणून तिने विचारले, बाई, दुसरा देऊ का? मी म्हणाले, दे. तिने तो दिला. माझे डोळे फुटले होते का तेव्हा, हे मी रोज स्वतःला विचारते.

४. आपण आलात तेव्हा रंगाचे डबे धोंडुबाईंच्या घरी, पोरे इस्त्रीच्या कपड्यात हाताची घडी घालून, दारात रांगोळी. आपला पाऊण तास होता. त्यातली वीस मिनिटे चाळीतल्या बाळासोंनी बांधलेल्या फेट्यात गेली, कारण फेटा काही केल्या आपल्या डोक्यावर ठरेना. मग शाल, नारळ, चहा, फोटो. जाताजाता आपण साद नावाच्या मुलाला मायेने विचारलेत, इथं काय करता बाळ? त्याने मी घोकून घेतलेले उत्तर दिले: "शिस्त पाळतो, साहेब."

५. आपल्या अहवालाची प्रत मिळाली. त्यात लिहिले आहे: भिंती स्वच्छ. विद्यार्थी स्वच्छ. रंग, चित्रे, साहित्य आढळले नाही. सत्कार समारंभ आढळला. सबब कलावर्ग चालत नाही. यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच तर मला कुणाशी भांडता येईना.

६. पुरावा आणा, असे मला कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. मोबाईलमध्ये फोटो असतीलच की, असेही विचारले. आहेत, एक्केचाळीस आहेत आणि सगळे सत्काराचे आहेत. रोजच्या भिंतीचा फोटो कोण काढतो? म्हणून आम्ही घरातले चमचे आणले आणि चुना खरवडला. चुन्याबरोबर चित्रही निघून आले. जे पोपडे पडले ते पिशवीत भरून मी आवक टेबलावर ठेवले. उलट करून बघा, मागे गेरू दिसतो, असे सांगितले. पिशवीवर शिक्का मारता येत नाही म्हणून ती परत दिली. वर आपले पत्र आले की समाजमंदिराच्या भिंतीची खराबी केल्याचा खुलासा करावा. आधी भिंत स्वच्छ म्हणून वर्ग बंद, आता भिंत घाण म्हणून नोटीस! साहेब, आम्ही भिंत ठेवावी तरी कशी? पोरांकडून आपल्यासमोर नव्याने काढून घेते म्हटले, तर वर्ग बंद झाल्यावर काढलेले चित्र वर्गाचे धरता येत नाही असे उत्तर मिळाले. येथे मी हात टेकले.

७. किल्ली २ फेब्रुवारीला जमा करायची आहे. त्यानंतर त्या जागेत योजनेच्या जाहिरातीचे फलक ठेवणार असल्याचे कळते. फलकावर हसणाऱ्या मुलाच्या हातात ब्रश आहे. ते पाहून मला राग आला, हे खोटे कशाला बोलू?

८. परंतु हा अर्ज किल्लीसाठी नाही. ती मी देईन. आफशीन अजून शनिवारी येते. आल्याआल्या नळावर हात धुते आणि खिडकीखाली हाताची घडी घालून बसते. मी तिच्या हातात कोळसा दिला, तर तिने तो खाली ठेवला आणि म्हणाली, "नको बाई, घाण हुईल की." मी तिला समजावले, रागावले, तिच्यापुढे रडलेसुद्धा. माझा जीव तुटतो, पण ती माझे ऐकत नाही आणि तिने का ऐकावे? घाण म्हणणारी मीच. साहेबांसाठी पुसले ते साहेबच येऊन चांगले होते म्हणाले, तर कदाचित तिला पटेल. दुसरा माणूस मला सुचत नाही.

तरी कृपा करून शनिवार दि. ३१ जानेवारीला, दुपारी तीननंतर केव्हाही, न कळवता यावे. जुने कपडे घालून यावे. फेटा नाही, नारळ नाही, चहाही विचारणार नाही. सतरंजीही टाकणार नाही. खिडकीखाली तिच्याजवळ खाली बसावे आणि तिचे वडील ओततात तो रस कसा दिसतो एवढेच विचारावे. अहवालात काय लिहायचे ते आपण ठरवावे, मी त्यावर चौथा अर्ज करणार नाही.

वाट बघणारी, आपली नम्र,
हाफिजा दिलदार शिकलगार
(सही)
दि. २७ जानेवारी २०२६

सोबत:
१) आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती.
२) भिंत खरवडल्याचा खुलासा: आम्हीच खरवडली.
३) पोपड्यांची पिशवी, एक. शिक्क्याची गरज नाही.
४) कु. आफशीन हिचा चित्रकलेचा कागद, एक, विकत आणलेला. मागच्या शनिवारी ती पूर्ण तास यासमोर बसली होती. कागद स्वच्छ आहे.