खांद्याएवढी भिंत

सर, कालपासून मी तुमच्यावर चिडून आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला तुमच्यासारखं दुसरं कोणी सापडत नाही. तुम्ही होतात तेव्हा मला बोलू दिलं नाहीत. आता तुम्ही मध्ये तोडू शकत नाही, तेव्हा ऐका.

आर्किटेक्चर कॉलेजातल्या तुमच्या जूरीचा, म्हणजे प्रोजेक्ट तपासायच्या परीक्षेचा, तो नियम मला आजही छळतो. प्रोजेक्टच्या शीट भिंतीवर लावायच्या, शेजारी उभं राहायचं आणि तोंड मिटायचं. वाचणार दुसराच कोणीतरी, वर्गातला, ज्यानं त्या आधी पाहिलेल्या नाहीत. तो जे वाचेल ते आपलं डिझाइन. बाकीचं सगळं आपल्या मनातलं, आणि मनातल्याला मार्क नाहीत. इतरांना हा नियम आवडायचा, कारण त्यांना बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. पण मी? वक्तृत्वाच्या ढाली ठेवायला आईनं स्वयंपाकघरातल्या मांडणीची एक अख्खी फळी रिकामी केली होती. डबे खाली, ढाली वर. पाहुणे आले की आई मला आधी चहा करायला सांगायची आणि मग चहाबरोबर ढाली दाखवायची. अशा मुलीला तुम्ही गप्प उभं केलंत.

दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट होता नृसिंहवाडीचा. भक्तनिवास. साइट बघायला आपण सगळे एसटीनं गेलो, मुलांनी बासुंदीवर ताव मारला, आणि मी संगमावर उभी राहून दोन नद्यांकडे बघत तिथल्या तिथे डिझाइन ठरवून टाकलं. कृष्णा एक भिंत, पंचगंगा दुसरी भिंत. दोन्ही वळत वळत येतात आणि गाभ्यात एक होतात. महिनाभर मी त्या दोन वक्र भिंतींवर जीव टाकला. त्यांच्यावर मी वीस मिनिटं बोलू शकले असते, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणलं असतं. तुम्ही वाचायला उभं केलंत जयसिंगपूरकडच्या त्या जैन व्यापारी घरातल्या मुलाला. तो दुकानात माप घालतात तसं सावकाश बोलायचा. त्यानं माझ्या प्लॅनवर बोट ठेवलं आणि चालायला लागला. “इथनं आत आलो. डावीकडं भिंत. उजवीकडं भिंत. पुढं गेलो. भिंतच हाय अजून. बरं. आता मी नदीवर अंघोळ करून आलोय. भिजलोय. संगट आई हाय, ती पण भिजलीया.” तो थांबला. बोट प्लॅनवर इकडून तिकडे फिरलं. “सर, ह्या ओल्या माणसांनी जायचं कुठं? धोतर-लुगडं वाळत घालायचं कुठं? का भिंतीवर?”

वर्ग हसला. मी तोंड उघडलं. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. मी म्हटलं, “सर, एक मिनिट, मी सांगते.” आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “गप की गं! उद्या बिल्डिंग उभी ऱ्हायली की तू दारात बसणार हायस व्हय, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत?”

हे वाक्य मी नंतर किती व्यासपीठांवरून सांगितलं असेल! प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मी ते अशा रीतीनं सांगते की त्यात तुम्ही हुकूमशहा असता आणि मी गळा दाबलेली मुलगी. आजही सांगते. कारण तुमचं चुकलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

त्या संध्याकाळी तुम्ही मला शाहूपुरीतल्या तुमच्या ऑफिसात बोलावलंत. खाली पंपांच्या दुकानात माल उतरवण्याचा दणदणाट, वर तुमचं ते कलतं टेबल आणि बटर पेपरचा ढीग. तुम्ही चहा मागवलात, माझ्या शीटवर बटर पेपर पसरलात आणि काहीच काढलं नाहीत. ड्रॉवरमधून एक पेन्सिल काढून दिलीत, अंगठ्याएवढी जाड, काळीकुट्ट शिशाची. म्हणालात, “वाडीला जा. कुणाशी बोलू नको. दिवसभर घाटावर बस आणि माणसं काढ.” मी घरी येऊन ती पेन्सिल वहीवर चालवून पाहिली. एका ओळीत तीन अक्षरंही मावेनात. तेव्हा कळलं की तुम्ही मुद्दामच अशी दिली होतीत, शब्द लिहिता येऊ नयेत अशी. माझा संताप झाला. वाडीला मी गेले नाही. पुढच्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ‘मौन’ या विषयावर बोलले आणि पहिली आले. मांडणीतली दुसरी फळीही गेली.

आता मी शिकवते सर, आणि तुमचा नियम मी पाळत नाही. मुद्दाम पाळत नाही. जगात गप्प राहणं कोणाला परवडतं? ज्याच्या बापाचं नाव बोलतं, त्याला. माझ्या वर्गात चंदगड, आजरा, गडहिंग्लज, शिरोळ अशी कुठून कुठून मुलं येतात. शहरातल्या मुलांसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. इकडे तर आता चित्र काढायलाही हात लागत नाही. संगणकाला चार ओळी सांगितल्या की संध्याकाळच्या उन्हातली इमारत तयार, झाडांसकट, आकाशातल्या पक्ष्यांसकट. मग उरतं काय? उरतं ते बोलणं. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. म्हणून मी माझ्या मुलांना उभं करते, ओरडते, “मान वर! मोठ्यानं! तुझं डिझाइन आहे, चोरीचं आहे का?” हे मी पोटतिडकीनं करते. यात मला आजही काही गैर वाटत नाही. निदान परवापर्यंत वाटत नव्हतं.

परवा शेवटच्या वर्षाची जूरी होती. एक मुलगी, गडहिंग्लजच्या पलीकडची, अगदी सीमेवरच्या गावची. घरी अर्धं कानडी बोलतात. ती माझ्या गटात नव्हती, तिच्या शीट मी पहिल्यांदाच बघत होते. विषय आठवडा बाजाराचा. एसटी स्टँडकडून बाजारात शिरताना तिनं एक लांबलचक भिंत काढली होती, खांद्याएवढी उंच, वरची कड गोल केलेली. तिला दार नाही, छप्पर नाही, ती कशाला टेकलेलीही नाही. आम्ही तीन परीक्षक होतो; त्यांतले पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक चष्मा वर सरकवून म्हणाले, “ही वॉल कशासाठी? कंपाउंड आहे का?” ती म्हणाली, “न्हाय सर.” “मग?” “शीटवर हाय की सर.” ते हसले. “शीटवर आहे ते मला दिसतंय. आयडिया काय आहे? काही नॅरेटिव्ह?” ती तळव्याचा घाम ओढणीला पुसत उभी. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, आणि टोपण लागलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. वर्ष वाया जातं.

मग मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि बोलले. काय बोलले सर! ही भिंत म्हणजे सीमा. दोन राज्यांची, दोन भाषांची. पण पाहा, ती खांद्यापर्यंतच आहे. पलीकडचा चेहरा दिसतो. कड गोल आहे, म्हणजे सीमा इथे बोथट होते. भिंत अडवते कुठे? ती लोकांना जवळ आणते, बोलायला लावते. बाजार ही या मातीची पहिली लोकसभा! मागच्या रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी टोपण काढलं. म्हणाले, “दॅट्स अ थीसिस.” वर एक सूचनाही केली: भिंत बारा फूट करा, मग तिला स्मारकाचं वजन येईल, आणि प्रदर्शनात हाच प्रोजेक्ट दर्शनी लावू. मी तिच्या पाठीवर थाप मारली. तिचे खांदे दगडासारखे होते.

काल सकाळी ती स्टुडिओच्या दारात माझी वाट बघत उभी. मला वाटलं, आभार मानायला आली. म्हणाली, “मॅडम, रागावणार न्हाय न्हवं?”

“बोल.”

“तुम्ही काल बोलला ते लई भारी हुतं. पण ते माझं न्हवं.”

“म्हणजे?”

“ती भिंत पाटी उतरवायची हाय मॅडम. आमची अव्वा, आई माझी, भाजी घेऊन बाजारला येती. पाटी डोक्यावर. उतरवायला रोज कुणाला तरी हाक मारायला लागती, आणि कोण येईपर्यंत मान मोडती. खांद्याएवढी भिंत असली की जरा वाकायचं आणि पाटी सरकवायची. कड गोल म्हणजे पाटी अडकत न्हाय. बारा फूट केली तर कुठं सरकवणार?” मग हळूच म्हणाली, “सेक्शनमध्ये बाई काढलोय की मी. पाटीसकट.”

मी आत जाऊन सेक्शन, म्हणजे भिंतीचा उभा छेद, पाहिला. होती. भिंतीला पाठ लावून किंचित वाकलेली, बोटाच्या पेराएवढी बाई, डोक्यावर पाटी. आम्ही तीन परीक्षक, तिघांचं मिळून वाचन एका कपाटात मावणार नाही, आणि एकालाही ती दिसली नाही. मला तर नाहीच. मी भिंत बघितली आणि लगेच भाषण सुचलं, तसंच, जसं पूर्वी संगमावर सुचलं होतं.

मार्कांवर सह्या संध्याकाळी होणार होत्या. मी पुण्याच्या परीक्षकांना परत स्टुडिओत आणलं, तिच्या सेक्शनसमोर उभं केलं, आणि सर, आयुष्यात पहिल्यांदा तुमचा नियम पाळला. गप्प राहिले. मला वाटलं, आता शीट बोलेल. परीक्षकांनी बाईकडे पाहिलं आणि म्हणाले, “हं, स्केलसाठी फिगर टाकली आहे, उंचीचा अंदाज यायला. चांगलं आहे.” घ्या! हा तुमचा नियम. तुमची शीट बोलते, पण ऐकणारा बहिरा असेल तर? याचं उत्तर तुम्ही मला कधी दिलंत?

ती मुलगी मात्र कोणाकडे न बघता कोपऱ्यात गेली. तिथे दगड-फरशीच्या नमुन्यांची पाटी पडलेली असते, चांगलीच जड. तिनं ओढणी पिळून तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि पुण्याच्या त्या साहेबांना म्हणाली, “सर, जरा हात लावा की.” ते गांगरले, पण त्यांनी हात लावला. पाटी डोक्यावर घेऊन ती शीट ठेवायच्या खांद्याएवढ्या कपाटापाशी चालत गेली, पाठ फिरवली, गुडघ्यात वाकली, आणि पाटी कपाटावर सरकली. कोणाचाही हात लागला नाही. ती वळून उभी राहिली.

मग परीक्षक म्हणाले, “अच्छा. अच्छा! पण मग ती सीमेची गोष्ट?”

“ती मॅडमची हाय,” ती म्हणाली. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

तुम्हाला वाटत असेल, त्यांनी तिला डोक्यावर घेतलं असेल. नाही सर. त्यांनी मार्क कमी केले. म्हणाले, युटिलिटी म्हणून छान आहे, पण कन्सेप्ट पातळ झाला. मी भांडले, चांगली कडाकडा भांडले, या वेळी तिच्याच भिंतीसाठी. पण त्यांना माझं आदल्या दिवशीचं भाषणच जास्त पटलेलं होतं. मीच घातलेला बांध मला फोडता येईना. ती पास झाली, एवढंच. दर्शनी जागा दुसऱ्या कोणाच्या तरी संध्याकाळच्या उन्हाला मिळाली. मी रागारागानं तिला सांगायला गेले, तर ती शीट गुंडाळत होती. म्हणाली, “चालतंय की मॅडम. भिंत हाय तेवढीच ऱ्हायली.”

तिला चालतं सर, मला नाही चालत. कालपासून मी तुम्हाला शिव्या देते आहे. तुम्ही मला गप्प बसायला शिकवायला गेलात आणि बघायला शिकवायचं राहिलं, असं मी मनात म्हणते आणि मग तुमची पेन्सिल आठवते. ती आहे अजून, ढालींच्या मागे. एकदाही टोक केलेलं नाही. हे पत्र अर्थात साध्या पेननं लिहिते आहे, त्या पेन्सिलीनं एवढं बोलता आलं नसतं. लिहून झालं की ते त्या पेन्सिलीजवळच ठेवीन. शाहूपुरीत तुमच्या त्या खोलीत आता मोबाइलच्या काचा बसवतात, तिथे कोणाला देणार?

पण एक गोष्ट राहिली, ती व्यासपीठावर कधी सांगितली नाही. त्या दिवशी तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत म्हणून मला उत्तर देता आलं नाही, असं मी सगळीकडे सांगत आले. तुम्ही बोट ठेवलं नसतंत, तर मी बोलले असते, भरपूर बोलले असते. पण उत्तर नव्हतं माझ्याकडे. वाडीच्या त्या ओल्या माणसांनी कुठे जायचं, हे मला माहीत नव्हतं सर. अजूनही नाही.