रिटर्न लिहिलेलं तोंड

प्रिय बेडूकराव,

मागच्या अंगणातला आपला पोहायचा तलाव पुन्हा सुरू केलाय. तू दोन वर्षं घरी आली नाहीस, तो त्याच्याही आधीपासून बंद होता, तेव्हा दोष सगळा तुझा नाही. पण तू यावंस म्हणूनच केलाय. उगाच आढेवेढे घेत नाही.

जुन्या फिल्टरची टाकी खालून तडकली होती, आणि पंप असा घरघरायचा की बेअरिंग गेलंय हे मला स्वयंपाकघरात बसून कळायचं. तुझी आई म्हणाली, माणूस बोलवा. मी म्हटलं, अगं, तेराव्या वर्षापासून मोटारी खोलतोय मी. म्हणूनच सांगतेय, म्हणाली.

मग काय, बसलो मांडी ठोकून. नवा पंप, नवी टाकी, टाकीत नवी वाळू. टाकीवरच्या व्हॉल्व्हला पाइप जोडायची तोंडं असतात, एकावर ‘पंप’ लिहिलेलं, एकावर ‘रिटर्न’. सोबतचा कागद वाचायची मला सवय नाही, तुला ठाऊकच आहे. मी ठरवून टाकलं, तलावातलं पाणी फिल्टरकडे परत येतं ते रिटर्न, आणि इथून तलावात ढकलायचं तो पंप. तसे पाइप चिकटवले आणि ऐटीत बटण दाबलं. पाणी टाकीत उलटं शिरलं आणि सगळी वाळू तलावात! तुझ्या आईने काठावर उभं राहून शांतपणे विचारलं, शिंपले कधी येणार?

चिकटवलेला पाइप ओढून सुटत नाही. करवतीने कापला, आणि मग निमूटपणे कागद वाचला. रिटर्न म्हणजे पाणी तलावात परत. ते कुठून निघालं हे नाही, कुठे पोचायचं ते लिहिलेलं असतं. या वयात हे शिकलो. दोन दिवस वाळू उपसत होतो, कंबर अजून शिव्या देतेय. पण आता पंप इतका गुपचूप चालतो की बंद पडला की काय म्हणून मी दोनदा बघून आलो.

आता खरं सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी तू आईला फोनवर म्हणालीस, की नवऱ्याचं घर सोडलंय, मैत्रिणीकडे राहतेय, पण बाबांना सांगू नकोस, त्यांनी जन्मात एक गोष्ट अर्धी सोडली नाही, त्यांना काय तोंड दाखवू? आई खोलीत फोन स्पीकरवर टाकून बोलत होती, मी जिन्यात. माझे कान तुला माहीत आहेत. दुसऱ्याच दिवशी मी टाकी उघडली. अगं वेडे, मी तीन नोकऱ्या अर्ध्या सोडल्या, दोन दुकानं बुडवली. तुला मात्र टिकलेल्याच गोष्टी सांगत आलो, ती चूक माझी. मी काही विचारणार नाही. तुझी खोली झाडून ठेवलीय. कधी निघतेस ते मला सांगायची लाज वाटली तर नको सांगूस. आईला फोन कर आणि जरा मोठ्याने बोल. मी जिन्यात असेन.

तुझाच,
वाट बघत नसल्याचं नाटक करणारा,
बाबा