वाचनाची सवलत

२ नोव्हेंबर १७७९

घरी पोचलो. घोडा लंगडतोय, माझी कंबर धरलीय. पण काम करून आलो! मिठाचा कायदा आमच्या सभागृहात मंजूर. लष्करी कोठारातलं मीठ चोरलं तर फाशी. त्यातले चार शब्द माझे — ‘वाचनाची सवलत न देता’. एरवी पहिल्या गुन्ह्याला कैद्यानं बायबलातलं दयेचं ठरलेलं कडवं वाचून दाखवलं की फाशी टळते. अंगठ्यावर डाग देऊन सोडतात. मीठचोराला आता ते दार बंद. वकिलांना चोरांचा फार कळवळा, असं कर्नल ब्लेझबी भर सभेत म्हणाला होता. बसला गप्प! वरच्या सभागृहाचं मतदान व्हायचं होतं, पण त्यासाठी थांबलो नाही. ते आमच्यामागे मान डोलावतातच.

९ नोव्हेंबर

डुकरं कापायचे दिवस आले आणि इंग्रजांशी चाललेल्या युद्धामुळे गावात कुणाकडे मीठ नाही.

२३ नोव्हेंबर

एसाला धरलं. माझ्या बायकोचा, मेहिटेबलचा, धाकटा भाऊ, पाच पोरांचा बाप. कोठारातून अर्धं पोतं मीठ उचललं. दोन डुकरं कापून बसला होता, मांसाला वास यायला लागला होता. लपवलंसुद्धा नाही. शेरीफ पोचला तेव्हा ओसरीवर बसून मांसाला मीठ चोळत होता!

मेहिटेबल एवढंच म्हणाली, “तुम्ही आहात ना.” मी मान डोलावली.

२६ नोव्हेंबर

तुरुंगात गेलो. एसाला अक्षरओळख नाही. पण अर्धी कॅरोलायना ते कडवं पाठ करूनच सुटलीय, आणि न्यायाधीश डोळेझाक करतात.

“दाजी, तुम्ही सांगा, मी मागून म्हणतो,” म्हणाला. “अंगठा भाजला तरी नांगर धरता येतो.”

तासभर म्हणून घेतलं. एका शब्दाला दर वेळी अडखळायचा आणि स्वतःच हसायचा. ती सवलत मीच काढलीय, हे सांगायचा धीर झाला नाही. भेकड आहे मी.

३० नोव्हेंबर

नवा कायदा इथे कुणी पाहिलेला नाही. छापील प्रती यायला दोन महिने तरी लागतील. मीठचोराला फाशी, एवढं कळलंय. सवलत गेलीय हे अख्ख्या काउंटीत मला एकट्याला ठाऊक. गप्प बसलो तर एसा सुटतो. गप्पच बसणार. मेहिटेबल आज आठवड्यानं नीट जेवली.

७ डिसेंबर

एसा दोषी ठरला — ठरणारच होता. मी उठून वाचनाची सवलत मागितली. म्हणजे अर्धं खोटं तिथेच बोलून झालं. एसाच्या हातात बायबल दिलं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात न्यायाधीश हर्कनबींनी थांबवलं. माझ्याकडे वळून विचारलं, नव्या कायद्यात ही सवलत ठेवलीय का?

“तुम्ही सभासद. तुमचा शब्द कोर्टाला पुरे.”

वीस वर्षं या माणसापुढे उभा राहतोय. एकदाही खोटं सांगितलेलं नाही. माझी वकिली त्यावर, निवडणुकीतली माझी मतंही त्यावर.

“नाही ठेवलेली,” मी म्हणालो. “ते शब्द मीच घातलेत.”

एसा माझ्याकडे बघतच राहिला. हातातलं पुस्तक उलटं होतं. कुणी हसलं नाही.

८ डिसेंबर

मेहिटेबल बोलत नाही. गव्हर्नरांकडे दयेचा अर्ज घेऊन स्वार पाठवला.

१७ डिसेंबर

उत्तर आलं नाही. सकाळी एसाला फाशी दिली. फासाखालच्या गाडीवर उभा राहून त्यानं ते कडवं म्हटलं, अजिबात न अडखळता. मेहिटेबल त्याच्या पोरांजवळ राहायला गेली. परत कधी येणार, ते विचारायचं तोंड नाही मला.

२२ डिसेंबर

रस्त्यात ब्लेझबी भेटला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, स्वतःच्या मेव्हण्यासाठीही खोटं बोलला नाहीत, पुढच्या निवडणुकीत तुमच्यासमोर कुणी उभं राहणार नाही. किळस आली. आणि — इथे तरी खरं लिहावं — थोडं बरंही वाटलं. सचोटी राखली. माझ्यापाशी तेवढंच उरलंय.

१९ जानेवारी १७८०

छापील कायदे आले. मिठाचा कायदा तीनदा वाचला. माझे चार शब्द त्यात नाहीत. मी निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या सभागृहानं ते खोडले होते. एसाला सवलत होती. मी कोर्टात खोटं सांगितलं.