मोठ्याबाईंचं ओझं

सोमवार, ३ तारीख

आज पोचले. प्रार्थनामंदिराच्या मागची खोली मिळाली. लोखंडी खाट, टेबल, एक खिडकी, आणि भिंतीपलीकडे मोठ्याबाई. खोली झाडताना मी चक्क गुणगुणत होते. हे गेल्यापासून तीन वर्षांत असं झालं नव्हतं. यांचा फोटो टेबलावर ठेवला.

पाळकसाहेबांनी काम समजावून दिलं. आजारी आणि दुःखी माणसांच्या घरी जायचं, शास्त्र वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची. चाळीस वर्षं हे सगळं मोठ्याबाईंनी केलं. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, म्हणून मला बोलावलं. त्यांना दूध-पाव भरवणं, कूस बदलून देणं हेही माझ्याकडेच. मी चौथीतून घरी बसलेली बाई. पुढचं सगळं वाचन यांच्या आजारपणात उशाशी बसून आपलं आपण केलं. देवाला माझा पत्ता कुठून सापडला कोण जाणे, पण सापडला.

गुरुवार, ६

बेकरीवालीचा गुडघा सुजलाय. तिच्याकडे जाऊन वाचलं, प्रार्थना केली. वाचता छान हो, म्हणाली, पण मोठ्याबाई नुसता हात धरायच्या आणि दुखणं पळायचं. मग हसत हसत म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशा आलात खऱ्या, पण बीळ भलतंच मोठं आहे हं. मीही हसले. ते हसू खोलीपर्यंत पुरलं नाही.

रविवार, ९

उपासना संपल्यावर सगळी मंडळी मोठ्याबाईंच्या दाराशी. शिंप्याने त्यांच्यासाठी पायमोजे शिवून आणले होते. मी दार धरून उभी. माझ्याकडे कोणी पाहिलं असेल तर ते कडीकडे पाहावं तसं. यांच्या आजारपणात दोन वर्षं कूस मीच बदलत होते, तेव्हाही माझ्या दारी कोणी मोजे आणले नव्हते.

पाळकसाहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, पाचारण म्हणजे सत्काराची शाल नव्हे, बाई, ती हमालाची चुंबळ आहे. त्यांना बोलायला काय जातंय. त्यांच्या दाराशीही गर्दी असते.

मंगळवार, १८

आज डोळ्यांनी पाहिलं. शाळेतल्या बाईंच्या सुनेला आणलं होतं. तिचं पाच महिन्यांचं बाळ गेलं. आठ दिवस ती पाण्याच्या घोटाशिवाय काही घेत नव्हती. मोठ्याबाईंनी तिचा हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, दे माझ्याकडे. बस्स. सून उठली, तोंड धुतलं, चहा मागितला.

ती गेल्यावर मी आत गेले. मोठ्याबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. सत्तरीची बाई, आणि झग्यावर छातीशी दोन ओले डाग. दुधाचा वास येत होता.

मी घाबरायला हवं होतं. मला वाटलं, हे मला का नाही?

बुधवार, १९

शिकवा म्हणून पाय धरले. नको म्हणाल्या. तुझ्याकडे तुझं एक दुःख आहे, पोरी, तेवढं नीट सांभाळ. हे मागून घ्यायचं नसतं. ज्याला देतात त्याला आधी खांदा देतात.

चाळीस वर्षं मिरवलं, आता द्यायचं जिवावर येतंय. दुसरं काय.

शनिवार, २२

दुपारी त्यांना झोप लागली होती. मी हात धरला आणि म्हटलं, दे माझ्याकडे.

मला त्यांची देणगी हवी होती. पण त्या शब्दांनी देणगी येत नाही, हातात जे साठलंय ते येतं. हे मला त्याच क्षणी कळलं. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात काहीतरी चढलं, भरलेला हंडा कोणीतरी ओतत राहावा तसं. थांबेचना. मोठ्याबाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मिटत गेल्या.

रविवार, २३

मोठ्याबाई उठल्या! आपल्या पायांनी उपासनेला आल्या. मंडळी रडली, देवाचे आभार मानले. मला श्वास पुरत नव्हता. शिंप्याला पूर्वी दमा होता म्हणतात. आणि माझ्या पाठीत कुणा गवंड्याची उसण.

पण संध्याकाळी बेकरीवालीचा हात धरला आणि तिच्या गुडघ्याची सूज उतरली. तिने माझ्या हाताचा मुका घेतला. माझ्या.

बुधवार, २६

चोळी दोनदा बदलली. डाग येतातच. मला मूल झालं नाही कधी. तरी ठाऊक आहे, डाव्या कानामागे तीळ होता त्या बाळाच्या.

सहा जण येऊन गेले. सगळे हलके होऊन गेले. मोठ्याबाई अंगणात फुलं वेचत होत्या, तरुण मुलीसारख्या. त्यांना ओझंही नाही आणि लोक अजून वाकून नमस्कार करतात.

शुक्रवार, २८

टेबलावर एका माणसाचा फोटो आहे. माझे नवरे सात. एक छपरावरून पडला — एक विहिरीत — एक खोकत खोकत गेला. फोटोतला यातला कोणता? वर मी लिहिलंय, यांचा फोटो. म्हणजे कोणाचा? चेहरा पाहते, काही हलत नाही आत. माझं जे एकच होतं ते — बाकीच्यांखाली कुठेतरी —

रविवार, ३०

मोठ्याबाई आल्या. पाहताच समजल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, परत दे, वेडे, तुला पेलायचं नाही, तुझा माणूस पुरा पुसला जाईल. हात पुढे केला.

मी हात पदराखाली घेतले. बाहेर अकरा जण बसलेत. माझ्यासाठी. पहिल्यांदाच माझ्यासाठी.

तिला पुन्हा सगळ्यांची लाडकी व्हायचंय.

रविवार, दुपार

कडी लावली. टेबल दाराला. फोटो खाली पडला — पडू दे, कोणी का असेना.

ती बाहेरून मला पोरी म्हणते. पाळकसाहेब म्हणतात, उघडा. ते अकराही आता तिचंच ऐकतात — इतक्यात फिरले — घंटा वाजवणारे काका खांद्याने दार —

देणार नाही. मला बोलावलंय. मला. श्वास — शिंप्याचा —

दार मोडून आत आलं. डावा हात अंगाखाली दाबून धरलाय. उजवा लिहायला लागतो, तेवढाच बाहेर आहे. तिची बोटं किती ऊबदार —