इन्स्पेक्टर टॅपसेलची शेवटची साडेचार मिनिटं

सँडहोल्म,
गुरुवार, दुपारचे तीन

तीर्थस्वरूप स्टॅनलीदादाला थेल्माचा वाकून नमस्कार. (वाकले ती अजून पुरती सरळ झालेले नाही, म्हणून अक्षर तिरकं आलंय. सांभाळून घे.) तुझा पायाचा अंगठा कसा आहे? मिलिसेंटवहिनींची गुडघ्याची वाटी बदलून झाली का? नाताळच्या कार्डावर तू नुसतं 'ठीक' एवढंच लिहिलं होतंस. त्यावरून कोण ठीक आहे, अंगठा, वहिनी की तुमचा पोपट, काही कळेना. मी मजेत आहे. म्हणजे नाहीये, पण कुणी विचारलं की मजेत म्हणायचं ही आईची शिकवण, ती काही सुटत नाही.

सोबत डबा पाठवतेय. त्यात आल्याचा केक आहे. हाताला जरा जड लागेल, पण आल्याचा केक जडच असतो. वहिनींसमोर उघडू नकोस, त्यांना गोड वर्ज्य आहे ना! डबा बांधायला चार वाजता डेस्मंड हॅलम येतोय. अडतीस वर्षं या गावात टपाल वाटलेला माणूस तो, त्याने मारलेली गाठ कात्रीशिवाय सुटत नाही. तो येईपर्यंत तास आहे हाताशी, तेवढ्यात आमच्या मंगळवार मंडळात काय रामायण झालं ते सांगते.

आमचं मंडळ तुला माहीत आहे. चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी तीन वाजता आम्ही जुन्या गुप्तहेर मालिका आणि खुनाचे जुने सिनेमे बघतो, काळे-पांढरे, ज्यांत पाऊस आणि धुकं असतं आणि खुनीसुद्धा आत येताना पाय पुसून येतो. आजकालच्या मालिका आम्हाला चालत नाहीत. त्यांत इन्स्पेक्टरलाच इतकी दुःखं असतात, की मेलेल्या माणसाकडे बघायला त्याला सवडच होत नाही! नियम सगळे आईचे, आपल्या बैठकीच्या खोलीतले. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं की चित्र थांबवायचं, प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून राणीच्या राज्याभिषेकाच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचं, आणि मगच पुढे बघायचं. ज्याचं चुकलं त्याने कप धुवायचे. दुसरा नियम त्याहून कडक. शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, दुसऱ्याच्या तोंडचा शेवट हा शेवटच नव्हे. (ग्रोसरच्या बायकोने एकदा आईला दुकानात खुनी सांगून टाकला होता. आई मरेपर्यंत दोन मैल लांबून साखर आणायची.)

आता जे सांगते ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तू तेव्हा बोटीवर होतास, आणि आपल्या घरात असल्या गोष्टी पत्रात लिहीत नसत. बहात्तरच्या फेब्रुवारीत, खाणकामगारांच्या संपात, वीज पाळीपाळीने जायची. कुठल्या भागात कधी ते पेपरात छापून यायचं. त्या दिवशीचा पेपर मी नेमका मांजराच्या टोपलीत अंथरला होता. रात्री इन्स्पेक्टर टॅपसेलचा शेवटचा भाग होता, तो काचघरात कर्नल मरून पडतो तो. डेस्मंड आमच्याकडे बघायला आला होता. त्याच्याकडे टीव्ही नव्हता. (तसा त्याच्या मावशीकडे होता, पण ते असो.) चिठ्ठ्या लिहायची वेळ झाली. त्याने 'डॉक्टर' लिहिलं, मी 'नर्स' लिहिलं. आणि त्या माणसाने, ज्याने तोवर माझ्याशी हवा आणि कुत्री यांपलीकडे एक विषय काढला नव्हता, आईच्या देखत म्हटलं, "थेल्मा, डॉक्टर निघाला तर वसंतात लग्न करू. नर्स निघाली तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही." मी "बरं" म्हटलं. हात मिळवला. आई म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द, मी साक्षीला आहे." टॅपसेल शेकोटीपाशी उभा राहिला, त्याने टोपी काढली, म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे." आणि वीज गेली.

तू म्हणशील, अगं बये, मग डॉक्टरच लिहायचंस की! कसं लिहू? नर्सचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. लग्नासाठी चुकीचं उत्तर लिहू? मी?

डेस्मंड म्हणाला, पुन्हा दाखवतील तेव्हा बघू. पुन्हा कसलं दाखवतायत! त्या टीव्हीवाल्यांनी टॅपसेलच्या टेपा पुसून त्यांवर गोलंदाजीचे आणि गाढवांच्या शर्यतींचे सोहळे भरले, असं पुढे कळलं. म्हणजे खुनी कोण हे कुणी बघूच शकत नव्हतं. आणि विषय पुढे सरकत नव्हता, मागेही जात नव्हता. चव्वेचाळीस वर्षं दर मंगळवारी डेस्मंड माझ्या शेजारी बसतो. मधे एक खुर्ची रिकामी, तिच्यावर माझी पर्स. दोन बिस्किटं उचलतो, त्यातलं न तुटलेलं पर्सवर ठेवतो. त्याने दुसरीकडे लग्न केलं नाही, मीही केलं नाही. कारण शर्तीचा निकाल लागलेला नव्हता, आणि निकालाआधी उठून जाणं बरं दिसत नाही. मला काय, काही फरक पडत नाही म्हणा. एका माणसाचं घर आवरायला सोपं असतं.

आणि मग आले पॉबजॉय! क्लेमंट पॉबजॉय, निवृत्त ग्रंथपाल, गळ्याला बो, मंडळात येऊन वर्षही झालेलं नाही. या गृहस्थाने पत्रं लिहून लिहून न्यूझीलंडहून टॅपसेलच्या त्या भागाची फिल्म मिळवली. तीन रिळं. तिकडे पाठवलेली प्रत कुणाच्या तरी कोठारात मेंढ्यांच्या औषधामागे पडली होती म्हणे. मंडळात टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात वाजवल्या. डेस्मंडने वाजवल्या नाहीत, त्याच्या हातात कप होता.

पहिल्या मंगळवारी दोन रिळं झाली, तिसरं लागलं. त्याच्या सुरुवातीला डॉक्टरला बेड्या पडतात, मग टॅपसेल त्या स्वतः काढतो, सगळ्यांना जमवतो, टोपी काढतो, "खुनी याच खोलीत..." आणि फट्! अंधार. हॉलच्या भिंतीवर तीन रंगांत पाटी आहे की चहाचा बंब आणि हीटर एका वेळी लावू नये, फ्यूज जातो. कुणीतरी दोन्ही लावले होते. फ्यूजची तार बसवेपर्यंत पाच वाजले आणि नाचाच्या वर्गातल्या बायका दारात उभ्या. दुसऱ्या मंगळवारी प्रोजेक्टरचा बल्बच गायब. शोधता शोधता तो क्रॅबट्रीबाईंच्या विणकामाच्या पिशवीत, नातवाच्या अर्ध्या विणलेल्या मोज्यात सापडला. क्रॅबट्रीबाई ब्याऐंशीच्या, सुरुवातीच्या संगीताला झोपतात ते राष्ट्रगीताला उठतात. (आणि तरीही चिठ्ठीत त्यांचंच उत्तर बरोबर येतं, हे एक मला न उलगडलेलं रहस्य.) त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काही विचारू नकोस. "बल्ब चोरून मी काय त्याची भाजी करू?" असं त्या ओरडत होत्या, आणि पुन्हा पाच वाजले.

परवाच्या, म्हणजे तिसऱ्या मंगळवारी मात्र कहर झाला. शेवटचं रीळच नाहीसं! डबी होती, आत भरतकामाची जुनी चौकट. पॉबजॉय पांढरे पडले, मग लाल झाले, आणि मग त्यांच्या अंगात टॅपसेल आला. दार लावलं. आम्हाला हीटरसमोर अर्धगोलात बसवलं. हात पाठीमागे बांधून येरझारा घालायला लागले. (वळताना दोनदा बंबावर आपटले.) म्हणाले, चोर याच खोलीत आहे. मला म्हणाले, थेल्माबाई, तुम्ही संशयापलीकडे आहात, चहाचं काम तुमच्याकडे असतं, तुम्ही जागेवरून हलूच शकत नाही. (याला म्हणतात पुस्तकी विद्या.) क्रॅबट्रीबाईंना सोडलं, कारण त्या झोपल्या होत्या. मग डेस्मंडसमोर थांबले. "हॅलम, शर्तीची गोष्ट गावाला ठाऊक आहे. हा शेवट दिसू नये असं वाटणारा माणूस एकच!" आणि टेबलावर अशी मूठ आपटली की तो सापडलेला बल्ब घरंगळला आणि फुटला.

आता डेस्मंडने काय म्हणावं? त्याने कप बशीत ठेवला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. मीच घेतलं."

दादा, माझ्या हातातली किटली तशीच राहिली. कारण डेस्मंडने ते रीळ घेतलेलं नव्हतं. मला हे कसं माहीत, ते विचारू नकोस. पॉबजॉयनी जागच्या जागी फर्मान काढलं, रीळ परत येईपर्यंत हॅलम यांना मंडळात प्रवेश नाही. तो उठला, टोपी घातली, दोन्ही बिस्किटं माझ्या पर्सवर ठेवली आणि गेला. मी घरी आले आणि रडले. लिहायचं नव्हतं, लिहून गेले. सत्तर वर्षांच्या बाईने बिस्किटांवरून रडू नये हे मला कळतं. पण चव्वेचाळीस वर्षांत ती खुर्ची पहिल्यांदा खरोखरची रिकामी होती.

बाकी सर्व कुशल. हवा ओलसर आहे. वहिनींना आणि पोपटाला प्रेम. साडेतीन झाले, आवरते.

तुझी धाकटी बहीण,
थेल्मा

ता. क. डब्यात केक नाही. रीळ आहे. मीच घेतलं, बल्ब मोज्यात मी घातला, आणि बंबाचं बटण चालू असताना हीटर लावणारी मीच. दादा, तू तीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात रिळं चालवलीस, तुटलेली फिल्म तू चिकटवायचास तेव्हा कुणाला सांधा दिसायचा नाही. माझं एवढं काम कर. शेवटची साडेचार मिनिटं, ज्यात नर्सला बेड्या घालतात, ती काप आणि तुझ्या चुलीत घाल. सुरुवातीला डॉक्टरला बेड्या पडतात तो तुकडा तिथे चिकटव. डॉक्टर "मी निर्दोष आहे" असं ओरडतो, पण सगळेच खुनी तसं ओरडतात. मंगळवारपर्यंत परत पाठव. डेस्मंडलाही परत येता येईल, आणि वसंत एप्रिलमध्ये आहे.

ता. क. दुसरा. तुला वाटेल मी रीळ आत्ता उजेडाला धरून पाहिलं. नाही. मला बहात्तरपासून माहीत आहे. वीज गेली तेव्हा मी "मेणबत्त्या आणते" म्हणून बाहेर पडले आणि सपाता घालून कालव्याचा पूल ओलांडून धावत गेले. पलीकडच्या बाजूची पाळी दुसऱ्या दिवशी होती. कुणाच्या तरी खिडकीबाहेर, त्यांच्या गुलाबांत उभी राहून, आवाजाशिवाय मी शेवट बघितला. नर्सच होती. माझं उत्तर बरोबर आलं होतं. आयुष्यात बरोबर उत्तराचा एवढा राग मला कधी आला नाही. परत आले आणि मूग गिळून बसले. शेवट कुणी बघितलाच नाही, तर डेस्मंडला विषय सोडावा लागणार नव्हता. हे पाप असेल तर असो.

ता. क. तिसरा. (साडेपाच वाजलेत.) डेस्मंड येऊन बसलाय. त्याने डबा हातात घेतला, तोलला, म्हणाला, "हा केक नाही. सोळा मिलिमीटरचं रीळ आहे." अडतीस वर्षं पार्सलं उचललेला माणूस! मी सगळं सांगितलं, सपाता आणि गुलाबांसकट. त्याने शांतपणे चहात साखर ढवळली आणि म्हणाला, "थेल्मा, दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्यापलीकडे मी एकशे बारा घरांत टपाल टाकलं. सातव्या घरापर्यंत मला नर्स कळली होती. अकराव्या घरची बाई म्हणाली, रात्री कुणीतरी सपातेने आमचे गुलाब तुडवले." म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "ऐकीव शेवट धरायचा नाही, असा तुझ्या आईचा नियम होता." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! घड्याळाची दहा मिनिटं मला दिसली, आणि पोस्टमनला सगळ्या गावाच्या बातम्या कळतात एवढं मला चव्वेचाळीस वर्षांत दिसलं नाही.

मग मी त्याचा कप पुन्हा भरला. तो म्हणाला, मी हरलोय, शब्द दिलाय, विषय मी काढू शकत नाही. आणि तेव्हा, दादा, माझ्या टाळक्यात उजेड पडला. विषय त्याने काढायचा नाही अशी शर्त होती. मी काढायचा नाही असं कोण म्हणालं होतं? तेव्हा मीच काढला. तो आधी चहा संपवून मग "हो" म्हणाला. गार चहा त्याला आवडत नाही.

ता. क. शेवटचा. तेवीस एप्रिल, शनिवार, अकरा वाजता. काळा कोट घालून ये, आणि प्रोजेक्टरचा बल्ब आण, त्याशिवाय जेवणानंतर रीळ दाखवता येणार नाही. क्रॅबट्रीबाई विचारतायत, खुनी कोण? काही कापू नकोस, रीळ डेस्मंडच पॉबजॉयना नेऊन देणार आहे, आणि मी बरोबर जाऊन सांगणार आहे की कुणी घेतलं होतं. तुला पाठवायच्या डब्यात आता खरा केक आहे, हलका आहे. आणि पुढच्या मंगळवारपासून माझी पर्स मी खाली जमिनीवर ठेवणार आहे.