अवेळी फोडलेली बिस्मथची शीर पुन्हा बुजवून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य खाण अधिकारी,
खाण कचेरी, श्नेबर्ग.

विषय : तिसऱ्या भुयारातील बिस्मथची शीर शंभर वर्षांसाठी बुजविणे व फाइट लोझर यास निर्दोष ठरविणेबाबत.
संदर्भ : सदर शीर खोदून काढण्याचा आपला हुकूम.

महोदय,

अर्जदार मेर्टन उलिग, धंदा खाणकाम, वय एकेचाळीस, सविनय सादर करतो की, बिस्मथ म्हणजे कोवळी चांदी, हे येथील शेंबडे पोरही जाणते. कुदळीखाली ती गुलाबीसर झाक दिसली की ‘लवकर आलो’ म्हणायचे, चिखलाने शिरेचे तोंड लिंपायचे आणि निघून यायचे. अंधारात ती पुढच्या पिढ्यांसाठी पिकते.

२. सदर शीर फाइट लोझर याने शोधली व रीतीप्रमाणे लिंपली. फाइट हा अर्जदाराच्या बायकोचा सख्खा भाऊ. पंधरा दिवसांनी, रविवारी, त्याच्या मुलीचा, डोरोथेआचा बाप्तिस्मा होता व अर्जदार तिचा धर्मपिता. दाढदुखीचे निमित्त सांगून अर्जदार त्या सकाळी एकटाच भुयारात उतरला व लिंपण फोडले. एव्हाना चांदी झाली असेल, अशी हाव सुटली होती. झाली नव्हती. चर्चमध्ये उशिरा पोचून त्याच हातांनी लेकरू घेतले. फाइट म्हणाला, “दाढ काढून आलास की अख्खा डोंगर? हात बघ जरा!” सगळे हसले. अर्जदारही हसला, याची त्यास आजही लाज वाटते.

३. शीर उघडी सापडल्यावर आळ फाइटवर आला. उतावळ्या हाताचा म्हणून त्याच्यासोबत आता कोणी खाली उतरत नाही. अर्जदाराने फोडलेले तुकडे घरी आणून ओल्या शेवाळात गुंडाळले, वर गवत घातले. पत्नी उर्सेल म्हणाली, “सफरचंदं आहेत का ती, गवतात पिकायला?” तिलाही खरे सांगितलेले नाही.

४. आपले कारकून सांगतात की, धातू ठिसूळ असला तरी नुरेम्बर्गचे पेटीवाले लाकडावर त्याचा थर देऊन त्या झळाळीवर रंगकाम करतात. छापखान्याचे खिळे ओतणारेही तो मिसळतात, कारण गोठताना तो आक्रसत नाही, उलट फुगतो, व अक्षराच्या कडा भरून येतात. अर्जदाराने खात्रीसाठी तुकडे चुलीवर वितळवून मातीच्या पेल्यात ओतले. गार होता होता पेला तडकला. महोदय, मेलेली वस्तू वाढत नाही. ती अजून वाढते आहे. खिळ्यांसाठी तिचा जीव घेऊ नये.

५. येत्या सोमवारी फाइट बायको-मुलीसह गाव सोडतो आहे. पेटारा बांधून झाला. काल त्याच्या दारात अर्जदारास म्हणाला, “मेर्टन, माझ्याच हातून लिंपण कच्चं राहिलं असेल रे.”

सबब विनंती की, शीर बुजवावी व शंभर वर्षांनी निघेल ती चांदी डोरोथेआच्या वंशजांस द्यावी. तसेच हा अर्ज शनिवारी पाळीच्या प्रार्थनेपूर्वी भुयाराच्या तोंडाशी मोठ्याने वाचावा. फाइट तेव्हा हत्यारे जमा करण्यास येईल. अर्जदार पुढच्या रांगेत उभा राहील. अर्जदार चार वेळा फाइटच्या दारापर्यंत जाऊन आला. तोंड उघडले नाही.

आपला अपराधी सेवक,
मेर्टन उलिग
श्नेबर्ग, गुरुवार, १३ ऑक्टोबर १५४१

सोबत : पेल्याच्या आकाराचा बिस्मथचा गोळा, नग एक. कृपया फाइटच्या हाती द्यावा. तोच जागेवर ठेवून वरून लिंपील. त्याचे लिंपण पक्के असते.