राज्यपालांना सगळं कळतं

७ ऑक्टोबर, आळंद
हायकोर्टातही हरलो. तीन महिने साधी कैद. २२ डिसेंबरपर्यंत जेलला हजर व्हायचं. हरकत नाही, कोर्टाच्या वर राज्यपाल असतात. चुलतभाऊ जगदेवप्पा माझा बांध कोरत होता, मी काठी मारली, त्याचा हात मोडला. यात गुन्हा कुठं आला? राज्यपालांना थोडी जरी शेती कळत असेल तरी माफी नक्की.

१० ऑक्टोबर
वकील संगमेश्वर म्हणतात, माफीच्या अर्जात पश्चात्ताप झाला असं लिहावं लागतं. म्हटलं, झाला की लिहू. सातवा मुद्दा मी स्वतः सांगितला: बांध पुन्हा कोरला तर पुन्हा मारीन. वकिलांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. खरं बोलणारा अशील त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा.

११ ऑक्टोबर
अर्ज रवाना. संकल्प: निकाल लागेपर्यंत कोणाशी भांडायचं नाही.

तोच दिवस, संध्याकाळी
कुरियरवाल्याशी भांडलो. चूक त्याची होती.

१८ नोव्हेंबर
पोलीस येऊन गेले. वरून चौकशी आलीय म्हणे. म्हणजे बेंगळुरूत, राजभवनात हालचाल आहे! जगदेवप्पाचंही म्हणणं घेणार आहेत. मार खाणाऱ्याला काय विचारायचं? कारण मारणाऱ्याला माहीत असतं.

आमच्याकडं डिसेंबरातल्या वेळ अमावस्येला जो तो आपल्या रानात कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, घालून पूजा करतो आणि लोकांना जेवू घालतो; त्या दिवशी ज्याच्या रानात जेवलं त्याच्याशी वैर राहत नाही. बायको हेमावती तेच धरून बसलीय. म्हणाली, "शेजारच्या रानातली माफी बेंगळुरूहून कामून मागवायलाव? जावा, त्याच्या कोपीत दोन घास खावा."

मुळीच जाणार नाही. त्यानंच यावं.

५ डिसेंबर
प्लॅन पक्का. यंदा कडब्याची कोप अगदी बांधाला लागून घालायची, जगदेवप्पाच्या कोपीपेक्षा उंच. गावाला जेवायला बोलावलंय. गर्दी बघून झक मारत येईल.

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या, दुपारी
कोपीत मी, पूजेला मांडलेले पाच दगडी पांडव आणि एक कुत्रं. गाव बांधापलीकडं, जगदेवप्पाकडं जेवतंय. हेमावती आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन आली आणि माझ्यासमोरून बांध ओलांडून गेली. वाट चुकली असेल. भज्जीचा, सणाच्या त्या मिसळ भाजीचा, वास इकडंच येतोय. उपाशी मरेन, पण जाणार नाही.

कुत्रंही गेलं.

१९ डिसेंबर, संध्याकाळी
गेलो. फक्त हेमावतीला बोलवायला.

जगदेवप्पानं द्रोण पुढं केला तो डाव्या हातानं. उजव्याची बोटं मिटतच नाहीत. डाव्या हातानं वाढलेलं मी आजवर कधी खाल्लं नाही. आज खाल्लं.

तो म्हणाला, "अण्णा, पोलिसाला म्या कवाच लिहून दिलंय, माफ केलंय म्हणून."

मी म्हणालो, भज्जीत मीठ कमी आहे. त्यानं मीठ आणून वाढलं. डाव्याच हातानं.

२० डिसेंबर
उत्तर आलं. ज्याला मारलं त्यानं माफ केलंय, पण अर्जदाराला पश्चात्ताप नाही. पाहा मुद्दा सात. अर्ज नामंजूर.

सोमवारी कलबुर्गीला जेलात. जगदेवप्पाचा निरोप आलाय, तीन महिने तुझं रान मी बघतो. बांधही बघतो.

बघ म्हणून कळवलं. भांडलो नाही.